पटावरून गळालेली नावे

मुलांच्या अपव्यापाराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसांचा छापा, न्यायालय आणि सुधारगृह उभे राहते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका सहसा आठवत नाही. रस्ते, पाणी, दिवाबत्ती, घरपट्टी ही त्यांची कामे, आणि मुलांची खरेदीविक्री रोखणे हे गृहखात्याचे काम, अशी विभागणी आपण मनोमन करून टाकलेली असते. शासकीय सेवेत अनेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसालाही ही विभागणी स्वाभाविक वाटत आली आहे. इतिहास तपासू लागले की मात्र ती टिकत नाही.

या लेखापुरते मी एकच उदाहरण घेतो: लहान मुलींना यल्लम्मा देवीला ‘सोडण्याची’ प्रथा आणि तिच्या आडून चाललेला मुलींचा व्यापार. या प्रथेविरुद्ध शंभर वर्षांत म्हैसूर, कोल्हापूर, मुंबई, कर्नाटक आणि महाराष्ट्र अशा पाच सरकारांनी आदेश काढले वा कायदे केले. बेंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला हा इतिहास दोन्ही अंगांनी जवळचा आहे. ज्या राज्यात आपण आज राहतो आणि ज्या राज्यातून आपण आलो, त्या दोहोंच्या सीमेवरच तो घडलेला आहे.

आरंभीच एक खुलासा करतो. ‘देवदासी’ या एका शब्दात अनेक गोष्टी कोंबल्या जातात. दक्षिणेतील मोठ्या देवळांतील नृत्य-गायनाची परंपरा, जेजुरीच्या खंडोबाच्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी यांचा सामाजिक इतिहास एकसारखा नाही. प्रत्येक जोगतीण व्यापाराला बळी पडली असेही नाही. येथे विचार करायचा आहे तो फक्त अजाण वयात सोडल्या गेलेल्या, आणि पुढे दलालांच्या हाती लागून शहरांत गेलेल्या मुलींचा.

पहिले पाऊल म्हैसूर संस्थानाने टाकले. तेथे सरकारी व्यवस्थेखालील देवळे मुजराई खात्याकडे असत. १९०९ साली संस्थानाने या देवळांतील देवदासींची सेवा बंद केली. योगायोग असा की तंजावरच्या मराठी घराण्यातील टी. आनंदराव, म्हणजे प्रसिद्ध मुत्सद्दी सर टी. माधवराव यांचे चिरंजीव, त्याच वर्षी म्हैसूरचे दिवाण झाले. म्हैसूरचा हा निर्णय प्रशासकीय होता. देवळाचा खर्च सरकार करते, तेव्हा त्या खर्चातून काय चालावे हे ठरवण्याचा अधिकारही सरकारचा, एवढ्या सरळ आधारावर तो उभा होता. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर सरकारने आपल्या बाजूची मागणी काढून घेतली.

पण या निर्णयाला दोन मर्यादा होत्या. मुजराईबाहेरची लहानमोठी ग्रामदैवते त्याच्या कक्षेत येत नव्हती. आणि यल्लम्माचे मुख्य स्थान जे सौंदत्ती, ते तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई इलाख्यात होते. म्हैसूरचा आदेश तेथे पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरे पाऊल कोल्हापूरचे, आणि माझ्या मते या सर्व इतिहासात ते सर्वांत शिकण्याजोगे आहे. जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्ध राजर्षी शाहू छत्रपतींनी १९२० साली कायदा केला, हे आपण वाचलेले असते. तो कायदा एकटा आला नव्हता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ साली कुलकर्णी वतने काढून घेऊन गावचे दप्तर पगारी तलाठ्याकडे दिले. या तीन निर्णयांचा एकत्रित अर्थ पाहा. दंड करायचा तर गावात शाळेच्या वयाची मुले किती आणि कोणती, याची यादी लागते. यादी ठेवायची तर दप्तर लागते, आणि ते दप्तर वंशपरंपरेने चालत आलेल्या हितसंबंधांपासून मोकळे असावे लागते. मुलगी देवीला सोडली तर ती शाळेत दिसणार नाही, आणि शाळेत दिसली नाही तर कोणीतरी विचारणार. कायदा, पट आणि पटाला जबाबदार माणूस, या तिन्ही गोष्टी कोल्हापुरात तीन-चार वर्षांत एकापाठोपाठ आल्या. शाहू महाराज १९२२ साली गेले. त्यामुळे या मांडणीला मुरायला वेळ मिळाला नाही. पण दिशा अचूक होती.

ब्रिटिश मुलखात याच काळात समाजसुधारकांचे प्रयत्न चालू होते. आज कर्नाटकात असलेल्या जमखंडीत जन्मलेल्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुरळ्यांचा प्रश्न शतकाच्या आरंभीच हाती घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, आराधी आदी स्त्रियांच्या सभेत, तो मार्ग सोडून सन्मानाचे जीवन जगण्याचे आवाहन केले. त्याआधी, १९३४ साली, मुंबई सरकारचा देवदासी संरक्षण कायदा झाला होता. त्याने मुलगी सोडणे बेकायदेशीर ठरवले आणि देवदासीचा विवाह वैध मानला. कागदावर हे मोठे पाऊल होते. पण मुलगी सोडण्याचा प्रकार आपल्या गावात घडू नये म्हणून नेमके कोणी जागे राहायचे, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. पाटील, गुरव, जोगती, शेजारी सर्वांना ठाऊक असे. पण माहीत असणे हे कोणाचेच कर्तव्य नव्हते.

पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. सीमाप्रश्नाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. मुलींच्या दृष्टीने मात्र या बदलाचा एक परिणाम महत्त्वाचा ठरला. यल्लम्माचे भक्त कोल्हापूर, सांगली, सोलापूर येथून पूर्वीप्रमाणेच मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांना सौंदत्तीच्या डोंगरावर जात राहिले. आता मुलीचे गाव एका राज्यात, देऊळ दुसऱ्या राज्यात, आणि तिला जेथे विकले जाणार ती मुंबईची वा पुण्याची पेठ शेकडो मैलांवर, असे झाले. दलालाला सीमेचा अडथळा नव्हता. अडथळा होता तो दप्तराला. एका राज्याच्या शाळेच्या पटावरून गळालेले नाव दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना कळण्याची कोणतीच सोय नव्हती.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून गडहिंग्लज आणि निपाणी परिसरात महात्मा फुले समता प्रतिष्ठान व स्थानिक कार्यकर्त्यांनी देवदासींच्या परिषदा घेतल्या आणि प्रश्न पुन्हा चव्हाट्यावर आला. त्यानंतर कर्नाटकाने १९८२ साली नवा कायदा केला. तो १९८४ पासून अमलात आला. मुलगी सोडणाऱ्याला तुरुंगवास, आणि सोडणारा आईबाप वा नातेवाईक असेल तर शिक्षा अधिक कडक, असे त्याचे स्वरूप होते. महाराष्ट्राने १९३४ चा कायदा बाजूला सारून २००५ साली देवदासी प्रथा निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा केला.

या कठोर कायद्यांचा एक अनपेक्षित परिणाम झाला, आणि धोरण आखणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे. यात्रेत, देवळाच्या आवारात उघडपणे होणारा विधी घरात, रात्री, एखाद्या आडवळणाच्या देवळीत होऊ लागला. गळ्यातली लाल-पांढऱ्या मण्यांची माळ लपवली जाऊ लागली. आईबापांनाच अधिक शिक्षा असल्याने तक्रार करणारे घरातले कोणी उरले नाही. शिक्षेची धास्ती वाढली, पण गुन्हा उघडकीस येण्याची शक्यता वाढली नाही. गुन्ह्याचा विचार करणारे अर्थशास्त्रज्ञ या दोन गोष्टी वेगळ्या मानतात, आणि अशा ठिकाणी दुसरी अधिक परिणामकारक असते. पकडले जाण्याची शक्यता वाढवणारा माणूस बेंगळुरूच्या विधानसौधात बसत नाही. तो गावातच असावा लागतो.

येथे एक आकडा पाहू. कर्नाटक शासनाने १९९३-९४ आणि २००७-०८ अशा दोन वेळा देवदासींची पाहणी केली. पहिल्या पाहणीत २२,८७३ आणि दुसरीत आणखी २३,७८७, अशा एकूण ४६,६६० स्त्रियांची नोंद झाली. निवृत्तिवेतन, घर, कर्ज या योजनांसाठी ही नोंद आवश्यक होती आणि तिचा उपयोगही झाला. पण तिचे स्वरूप ध्यानात घ्या. ही मोजणी मुलगी सोडून झाल्यानंतरची आहे. ज्या मुलीला येत्या माघात सोडले जाण्याचा संभव आहे, ती या यादीत येत नाही. तिचे नाव असलेच तर अंगणवाडीच्या वहीत, शाळेच्या हजेरीपटावर आणि जन्मनोंदीत असते. हे तिन्ही कागद गावातलेच.

सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली विशाल जीत खटल्यात देवदासी व जोगिणी प्रथा आणि बालवेश्याव्यवसाय यांचा एकत्र विचार केला आणि केंद्र व राज्य सरकारांना सल्लागार समित्या नेमण्यास सांगितले. समित्या झाल्या, पण त्या केंद्रात आणि राज्यांत. गाव पुन्हा बाजूलाच राहिले.

मग गावपातळीवर काहीच झाले नाही काय? झाले, आणि त्याचे दोन दाखले कर्नाटकातलेच आहेत.

पहिला बेळगाव जिल्ह्यातला. १९९० च्या दशकात राज्याचे महिला विकास महामंडळ आणि मायराडा ही संस्था यांनी तेथे पुनर्वसनाचा कार्यक्रम घेतला. त्यातून १९९७ साली देवदासी स्त्रियांचीच ‘मास’ ही संघटना उभी राहिली. कोणत्या वस्तीत कोणत्या घरात मुलगी आजारी आहे, केसात जट आली आहे, मुलगा नाही, आणि म्हणून मुलगी सोडण्याची भाषा सुरू झाली आहे, हे या स्त्रियांना पोलिसांच्या कितीतरी आधी कळते. त्यांनी स्वतः ते भोगलेले असते. बातमी असणे आणि बातमी सांगण्याची इच्छा असणे या दोन्ही गोष्टी अशा माणसांत एकत्र येतात.

दुसरा दाखला मुलग्यांचा, आणि थेट बेंगळुरूशी जोडलेला. १९८० च्या दशकात या शहरातील हॉटेलांत फडके मारणारी, कपबशा विसळणारी अनेक मुले किनारपट्टीच्या कुंदापूर भागातून आलेली असत. श्रमिक मुलांसाठी काम करणाऱ्या ‘कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ या बेंगळुरूच्या संस्थेने म्हणूनच आपले काम शहरातून मागे, त्या मुलांच्या गावांपर्यंत नेले. तेथे १९९० च्या दशकात ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची पंचायत, हा प्रयोग झाला. गावातले कोणते मूल शाळेत नाही, कोणते कामाला गेले, कोठे गेले, हे मुलांना नेमके ठाऊक असते. ते ग्रामपंचायतीपुढे मांडण्याची रीत त्यांनी घालून दिली. पुढे कर्नाटक शासनाने ग्रामपंचायतींना मुलांच्या ग्रामसभा भरवण्यास सांगितले. पाठोपाठ स्त्रिया व मुलांच्या अपव्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या गावपातळीवरच्या ‘कावलु समित्या’ आल्या. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ मार्गदर्शक सूचनांत गाव आणि वॉर्ड पातळीवर बालकल्याण व संरक्षण समित्यांची तरतूद आहे. म्हणजे रचना आज आहे. प्रश्न तिच्या हाती काय द्यायचे, हा आहे.

माझे उत्तर शाहू महाराजांच्या त्या तीन निर्णयांकडे परत जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये सांगितली आहेत. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे हे त्यांतले एक, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे हे दुसरे. या कलमाची चर्चा नेहमी शाळाप्रवेशापुरती होते. मला ते अपव्यापारविरोधी कायद्यातले सर्वांत उपयोगी कलम वाटते. मुलांची यादी ठेवणे हे येथे पंचायतीचे कायदेशीर कर्तव्य झालेले आहे. भर घालायची ती एवढीच, की नाव गळाले की विचारणा झालीच पाहिजे.

व्यवहारात याचा अर्थ असा. वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडताना आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्यावर, पंचायतीने मुलांची यादी शाळेच्या पटाशी आणि अंगणवाडीच्या वहीशी ताडून पाहावी. न दिसणाऱ्या प्रत्येक मुलापुढे तीनपैकी एक नोंद हवी: अमुक गावी कुटुंबासह गेले, अमुक ठिकाणी शिक्षणासाठी गेले, अथवा ठावठिकाणा नाही. पहिल्या दोन नोंदींसाठी त्या ठिकाणच्या पंचायतीचे वा वॉर्डाचे उत्तर यावे. तिसरी नोंद चोवीस तासांत बालकल्याण समितीकडे आणि पोलिसांकडे जावी. यात नवा कायदा नाही, नवे खाते नाही, आणि खर्चही फारसा नाही. बीडचे कुटुंब बेळगावच्या कारखान्यावर गेले, हा अपव्यापार नव्हे, आणि स्थलांतरालाच गुन्हा मानण्याची चूक कदापि होऊ नये. पण ते कुटुंब परतले आणि त्यातली बारा वर्षांची मुलगी परतली नाही, तर ते कोणाच्या तरी वहीत दिसले पाहिजे.

या यादीतून जी मुले मुळातच बाहेर राहतात, त्यांचाही विचार हवा. देवदासींच्या मुलांना शाळेच्या अर्जातला बापाच्या नावाचा रकाना पिढ्यान्‌पिढ्या अडवत आला. अपमान टाळण्यासाठी मूल शाळेतच घालायचे नाही, आणि पटावर नसलेले मूल दलालाला सर्वांत सोपे, असे ते दुष्टचक्र. महाराष्ट्राने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव आधी लावणे अनिवार्य केले. कर्नाटक विधानसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या नव्या देवदासी विधेयकात बापाच्या नावाची सक्ती दूर करण्यावर भर आहे. वरवर पाहता हे कारकुनी बदल. पण एका मुलाला पटावर आणणारा बदल एका छाप्याइतकाच मोलाचा असतो.

या सर्वावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पंचायत म्हणजे तेच गाव. दलाल बहुतेक वेळा कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी साडू असतो. मुली ज्या घरांतून जातात ती घरे बहुतांशी दलितांची व गरिबांची, आणि पंचायतीत वजन असणारी माणसे निराळी. गावगाड्याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत जे कठोर मत मांडले, ते विसरून ‘गाव सांभाळील’ असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. म्हणूनच गावाच्या सदिच्छेवर विसंबू नये. जबाबदारी गावाकडे आणि तपासणी गावाबाहेर, अशी जोडी हवी. यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि तिची प्रत तालुक्याला जावी. जमेची बाजूही आहे. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती व जिल्हा परिषदांत स्त्रियांना चतुर्थांश जागा दिल्या आणि १९८७ साली त्यानुसार निवडणुका झाल्या. आज दोन्ही राज्यांत पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मुलींच्या यादीवर त्यांनी बोट ठेवून प्रश्न विचारणे हे १९३४ साली शक्य नव्हते. आज आहे.

शेवटी आपल्या शहराविषयी. मुले जेथून जातात त्या गावांना दोष देणे सोपे असते. बेंगळुरू हे मुले जेथे येतात ते शहर आहे. येथल्या रेल्वे स्थानकावर उतरणाऱ्या एकट्या मुलांसाठी ‘बॉस्को’सारख्या संस्था १९८० पासून काम करीत आल्या आहेत. पण स्थानकातून बाहेर पडलेले मूल ज्या कारखान्यात, खानावळीत वा घरात जाते, त्या जागेला परवाना कोणाचा असतो? महापालिकेचा. व्यवसाय परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ‘येथे कोणी मूल कामाला वा राहायला आहे काय’ एवढे पाहिले गेले, तरी मुलांना राबवणाऱ्याचा धोका पुष्कळ वाढेल. दुर्दैवाने सप्टेंबर २०२० पासून पुढली पाच वर्षे या शहराला लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये जुन्या महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. नव्या रचनेत वॉर्डाच्या बालसंरक्षण समित्या खरोखर चालतात की नाही, हे रस्त्यांतल्या खड्ड्यांइतक्याच आग्रहाने विचारायला हवे.

विचारणार कोण? आपणच. चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलाला मजुरीवर ठेवणे सर्वत्र गुन्हा आहे. आपल्या गृहसंकुलात एखाद्या घरी ‘गावाकडची नात्यातली मुलगी’ म्हणून राहणारी, शाळेच्या वेळी बाळाला फिरवणारी मुलगी दिसली, तर १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. ती मुलगी उत्तर कर्नाटकातली असेल, झारखंडची असेल वा सोलापूरकडची असेल. तिचे नाव एखाद्या शाळेच्या पटावरून गळाले, तेव्हा तेथे कोणी विचारले नसावे. ते विचारण्याची पाळी आता आपल्या वॉर्डाची आहे.